बावटा कळतो, ऑरेंज कळत नाही

मा. पर्यावरण व वातावरणीय बदल मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

तुमच्या खात्याच्या नावातला 'वातावरणीय बदल' आमच्या गावात कुणाच्या तोंडी नाही. आम्ही 'ऋतू फिरला' म्हणतो. मागच्या वर्षी तालुक्याच्या गावी या विषयावर जनजागृतीचा कार्यक्रम झाला. भिंतीवर भेगाळलेल्या जमिनीचं भलंमोठं पोस्टर होतं. शेजारचे तात्या कानाशी लागले, "ही घाटावरची दिसते. आपली बुडालेली कधी लावणार?" (भजी मात्र झकास होती.)

तात्यांचं शेत खाडीला लागून. खेकड्यांनी बांध पोखरलाय, उधाणाला खारं पाणी आत शिरतं. मे महिन्यात त्यांनी एक ढेकूळ फोडून माझ्या हातावर ठेवलं. वरून काळं, आत मिठाची पांढरी रेघ. विहिरीचं पाणीही मचूळ झालंय.

भरतीची वेळ तात्या तिथीवरून सांगतात. पावसाचं मोबाइलवर येतं. या दोहोंची सांगड मात्र कुणीच घालून देत नाही, आणि घात तिथेच होतो. भरतीला बांधाची उघाडी, म्हणजे पाणी बाहेर सोडायचं दार, मिटते आणि डोंगरावरून आलेलं पाणी शेतातच तुंबतं. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं, तेव्हाही वाशिष्ठीच्या पुराला भरतीची साथ होती.

बंदरावर वादळी हवेच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला की शाळेचं तोंड न पाहिलेला खलाशीही होडी वर ओढतो. 'ऑरेंज अलर्ट' आला की मंडणगडापासून राजापुरापर्यंत सगळ्यांना एकच रंग. आमच्या खाडीत काय होणार, ते त्यातून कसं कळावं?

अरबी समुद्र तापतोय, म्हणून वादळं जोर धरतात, हेही आम्हाला कळलं ते सुपारीच्या बागा आडव्या झाल्यावर. 3 जून 2020 ला निसर्ग, लगेच पुढच्या मेमध्ये तौक्ते. नवी सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात, साहेब.

तर मागणी एवढीच. जेटीवर आणि एस.टी. स्टँडवर साधा फळा लावा. त्यावर रोज तिथी, भरतीची वेळ, पावसाचा अंदाज आणि पाणी कुठे तुंबेल ते मराठीत लिहा. आंब्याला मोहोर यायच्या आधी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा माणूस ग्रामसभेला पाठवा. पोस्टर नको.

फळा कुठे लावायचा, ती जागा तात्यांनी झाडून ठेवली आहे.

आपला,
खाडीकाठचा एक शेतकरी, ता. दापोली