नक्षीची उचलेगिरी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला हाताच्या कोरीव कामावरचा लेख वाचला. आमच्या कामावर कुणीतरी लिहितंय म्हणून आधी बरंच वाटलं, पण वेलबुट्टी कुणाच्या मालकीची नसते आणि कोरणाऱ्याने हाताने कोरलं की ते काम त्याचंच, असं जे लेखकाने लिहिलंय ते वाचून डोकं फिरलं. हेच वाक्य उचलेगिरी करणारे रोज आमच्या तोंडावर फेकतात, आता सोबत तुमच्या पेपरचं कात्रणही दाखवतील.

कुयरी, कमळ, गोफ कुणाच्या बापाचे नाहीत, मान्य. पण एखाद्या माणसाने बसून काढलेली वेल, तिचं पान कुठे वळलं, देठ कुठे जाड झाला, हे त्याचंच असतं ना? माझे दादा चांदीवर नक्षी कोरायचे. एका कुंकवाच्या करंड्यासाठी त्यांनी वेल काढली होती, त्यात झाकणाच्या बिजागरीपाशी एक पान मागे मुडपून घेतलं होतं कारण तिथे जागाच नव्हती. कागदावर किती वेळा खोडलं असेल ते आम्ही घरातल्यांनी पाहिलंय. मागे एका प्रदर्शनात तीच वेल मला चांदीच्या फोटोफ्रेमवर दिसली, खाली पाटी 'स्वतःचं डिझाईन'. फ्रेमला बिजागरी नाही, काही नाही, सपाट पत्रा, तरी ते पान तिथेच मुडपलेलं! मी विचारलं तर म्हणाले अहो परंपरागत नक्षी आहे, आणि कोरलंय तर मीच. फोटो काढायचा, प्रिंट काढून पत्र्यावर उतरवायचा आणि रेघेवरून ग्रेव्हर (कोरायचं टोकदार हत्यार) चालवायचा, यात हाताचे कष्ट आहेत, नाही म्हणत नाही मी, पण ती वेल सुचायला जे लागतं ते दुसऱ्याचं वापरलं, मग पाटीवर त्याचं नाव लिहायला काय जातं?

शिकताना सगळेच दुसऱ्याचं गिरवतात. दादाही आम्हाला जुन्या कामांवरून तांब्याच्या पत्र्यावर गिरवायला लावायचे, पण तो पत्रा घासून परत वापरायचा, विकायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं असायचं.

आणि हा काही आजचा वाद नाही. इंग्लंडमधला चित्रकार विल्यम होगार्थ चांदीवर कोरणाऱ्याकडेच उमेदवारी करून पुढे आला, त्याच्या चित्रांच्या चोरट्या नकला निघायला लागल्या तेव्हा त्याने इतर कलाकारांना घेऊन पार्लमेंटकडून १७३५ साली कायदा करून घेतला, १४ वर्षांचं संरक्षण मिळालं. तिथल्याच ओवेन जोन्स या वास्तुरचनाकाराने १८५६ साली जगभरच्या नक्षीचं १०० चित्रपानांचं पुस्तक छापलं, त्यात आपल्याकडचीही नक्षी आहे, आणि प्रस्तावनेत म्हटलं की नुसती नक्कल करण्यात समाधान मानायची सवय थांबावी. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात रेखाटन आणि कोरीव काम दोन्ही कलाकृतीच आहेत, नोंदणी सक्तीची नाही, कलाकार गेल्यावरही ६० वर्षं हक्क राहतो. लेखकाने एवढं तरी बघायचं होतं. कारखान्यात ५० पेक्षा जास्त नग काढले की डिझाईनच्या नोंदणीचा प्रश्न येतो, पण एकेक वस्तू हाताने कोरणाऱ्यांचा त्याच्याशी काय संबंध?

२०२५ मध्ये प्रादा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानला कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या तेव्हा आपण सगळे चिडलो, नाव घ्या म्हणालो, आणि त्यांना प्रेरणा कुठून आली ते मान्य करावं लागलं. मग शेजारच्या गल्लीतल्या कारागिराची वेल उचलली की ती परंपरा कशी होते?

अजून एक. लेखासोबत छापलेला फोटो हाताच्या कामाचा नाहीच, लेझरचा आहे. हाताची रेघ टोकाला बारीक, मधे रुंद आणि खोल, आतून चकाकणारी असते, फोटोतली सगळी एका जाडीची आणि करपट आहे. आणि फोटोखाली दुकानाचं नाव ठळक, कोरणाऱ्याचं नाव कुठेच नाही. हाताच्या कामावर लेख छापता तर फोटो हाताच्या कामाचा छापा आणि ज्याने कोरलं त्याचं नाव, डिझाईन दुसऱ्याचं असेल तर त्याचंही, खाली द्या. या फोटोची दुरुस्ती येत्या पुरवणीत यावी ही विनंती.

आपला,
एक नक्षीकार, पुणे