दारू सुटल्यावर संध्याकाळचं काय?

संपादक साहेब,
31 डिसेंबर जवळ आला की व्यसनमुक्तीवर लेख येतात, पण दारू सुटल्यावर माणसाने संध्याकाळी सात ते दहा करायचं काय यावर कोणी लिहीत नाही. जुने मित्र सगळे 'बसणारे', आणि घरचे अजून खिसे तपासतात (तपासणारच म्हणा). पुण्यात अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 ला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तिथे बरे झालेले पेशंटच पुढे स्टाफमध्ये काम करताना दिसतात, म्हणजे नुसत्या गोळ्या नाहीत तर कोणाच्या तरी उपयोगी पडणं पण आहे. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात काय? वाचनालय, तालीम, गणपती मंडळ यांनी अशा माणसाला एखादं काम सोपवावं, फक्त वर्गणीचा हिशोब पहिल्याच वर्षी नको!

- एक वाचक