इंजिनावरची सही आणि मालकाचा विश्वास

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

एकाच कारागिराने हाताने बांधलेले इंजिन असलेली स्पोर्ट्स कार घेणाऱ्याला त्या इंजिनाचे खरोखर अप्रूप असते, की ते जाहिरातींनी वाढवलेले कौतुक असते, हा प्रश्न मोटारींच्या चर्चेत वारंवार येतो आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा घाईने दिले जाते. एक बाजू म्हणते की यंत्र माणसापेक्षा अचूक असते, तेव्हा हातकामाचे कौतुक हा भाबडेपणा आहे. दुसरी बाजू बॉनेट उघडून इंजिनावरची, बांधणाऱ्याच्या सहीची पट्टी दाखवते आणि त्यापुढे काही बोलण्याची गरज मानत नाही. आयुष्याची बरीच वर्षे मी इंजिने खोलण्यात आणि पुन्हा बांधण्यात घालवली आहेत, त्यामुळे या दोन्ही उत्तरांनी माझे समाधान होत नाही.

‘हाताने बांधलेले’ या शब्दांचा आजचा अर्थ आधी नीट समजून घ्यायला हवा. सिलिंडर ब्लॉक, क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट, पिस्टन यांपैकी कोणताही भाग आज कोणी हाताने घडवत नाही. हे भाग संगणकनियंत्रित यंत्रांवर मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शात मोजल्या जाणाऱ्या अचूकतेने तयार होऊन येतात. हाताने होते ती जुळणी. नेहमीच्या कारखान्यात इंजिन पुढे सरकत राहते आणि प्रत्येक कामगार आपल्या वाट्याचे एखाददुसरे काम करून ते पुढच्याकडे सोडतो. हाताने बांधण्याच्या पद्धतीत मात्र रिकाम्या ब्लॉकपासून पूर्ण इंजिनापर्यंत एकच माणूस त्या इंजिनाबरोबर असतो. जर्मनीतील आफाल्टरबाख येथे मर्सिडीज-एएमजी ‘एक माणूस, एक इंजिन’ या तत्त्वाने काम करते आणि इंजिनाच्या आवरणावर बांधणाऱ्याच्या सहीची पट्टी बसवते. जपानमध्ये निस्सानच्या योकोहामा कारखान्यात जीटी-आर आर३५ गाडीचे ३.८ लिटरचे व्ही६ इंजिन ‘ताकुमी’ म्हणवले जाणारे सिद्धहस्त कारागीर बांधत. ही गाडी २००७ पासून २०२५ पर्यंत तयार होत होती, सुमारे ४८,००० गाड्या निघाल्या, आणि त्या सगळ्यांची इंजिने अवघ्या नऊ ताकुमींनी बांधली. म्हणजे एकेकाच्या हाताखालून सरासरी पाच हजारांहून अधिक इंजिने गेली. इतका हात बसलेला माणूस पिस्टनची रिंग खाचेत बसताना तिचा आवाज आणि बोटांना लागणारा जोर यांवरून काहीतरी बिनसले आहे हे ओळखतो, यात मला तिळमात्र शंका नाही.

तरीही आजच्या जुळणीत त्या हाताला चुकण्याची मोकळीक फार थोडी उरली आहे. बोल्ट आवळणारे विद्युत साधन लागलेला जोर आणि फिरलेला कोन दोन्ही मोजते व नोंदवून ठेवते, आणि एखादा बोल्ट ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर लगेच इशारा देते. बेअरिंगची कोणती जाडी कुठे बसवायची हे मोजमापाच्या सांकेतिक अक्षरांवरून आधीच ठरलेले असते. जनरल मोटर्सने २०१० मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात विक्सम येथे एक योजना सुरू केली होती. तिच्यात ५,८०० डॉलर जास्तीचे भरून कॉर्व्हेट झेड०६ किंवा झेडआर१ चा ग्राहक तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली आपल्या गाडीचे इंजिन स्वतः जुळवू शकत असे. झेड०६ चे ते ७ लिटरचे, ५०५ अश्वशक्तीचे इंजिन काही सोपे नव्हे. ज्याने आयुष्यात कधी इंजिन बांधले नाही असा माणूस, शेजारी जाणकार उभा असेल तर, ते बांधून त्याच गाडीतून रस्त्यावर जाऊ शकतो, याचा अर्थ स्वच्छ आहे: गुणवत्तेची हमी आता साधने, मोजमापे आणि तपासणी देतात, एकट्या हाताने ती द्यावी अशी अपेक्षाच राहिलेली नाही.

पूर्वी असे नव्हते. इंग्लंडमध्ये न्यूपोर्ट पॅग्नेल येथे बांधल्या जाणाऱ्या अ‍ॅस्टन मार्टिनच्या व्ही८ इंजिनांवर बांधणाऱ्याच्या नावाची छोटी पट्टी असे, आणि त्या काळी तिचा अर्थ फार वेगळा होता. तेव्हाच्या सुट्या भागांत फरक राहत. बांधणारा अनेक पिस्टनांतून एका वजनाचे निवडी, झडपांची फट हाताने मोजून चकत्या बदली, बेअरिंग पुन्हा पुन्हा लावून पाही. एकाच नमुन्याची दोन इंजिने वेगळी चालत, आणि कोणी बांधले यावर ते बरेच अवलंबून असे. आजच्या पट्टीला त्या काळचा मान मिळतो, पण आजच्या पट्टीमागचे काम तेच नाही, हे ग्राहकाला कोणीतरी स्पष्टपणे सांगायला हवे.

मग मालकाला वाटणारे अप्रूप खोटे आहे का? माझे उत्तर ठामपणे ‘नाही’ असे आहे.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ आपली जुनी स्पोर्ट्स कार घेऊन आमच्याकडे आले होते. इंजिन ऑइल खात होते आणि खोलण्यावाचून गत्यंतर नव्हते. खोलायच्या आधी त्यांनी एकच विनंती केली, की नावाची पट्टी ओरखडा न येता काढून त्यांच्या हाती द्यावी. मी ती दिली. पण खालचे तळपात्र काढल्यावर त्यांना मी आणखी एक गोष्ट दाखवली, जी त्यांनी कधी पाहिली नव्हती: मुख्य बेअरिंगच्या प्रत्येक टोपीच्या बोल्टवर, डोक्यापासून टोपीपर्यंत ओढलेली रंगाची बारीक रेघ. बोल्ट शेवटचा आवळला की बांधणारा अशी खूण करतो, म्हणजे तो आवळायचा राहिला नाही हे त्यालाही कळते आणि पुढे बोल्ट सरकला तर तेही दिसते. इतकी वर्षे गरम ऑइलमध्ये राहूनही त्या रेघा पुसटशा दिसत होत्या, आणि सगळ्या एकाच बाजूला झुकलेल्या होत्या, कारण एकाच माणसाने एकाच सवयीने त्या ओढल्या होत्या. ते गृहस्थ बराच वेळ वाकून पाहत राहिले. पट्टीवर त्यांनी ज्याचे नाव रोज वाचले होते, तो माणूस त्यांना त्या दिवशी भेटला असे मला वाटले. इंजिन पुन्हा बांधताना त्या जुन्या खुणांशेजारी वेगळ्या रंगाने मी माझ्या खुणा केल्या, आणि हे काम मी इतर कोणत्याही इंजिनापेक्षा अधिक जपून केले, हे मान्य करायला मला संकोच वाटत नाही.

हे अप्रूप जबाबदारीतून येते. ज्याचे नाव लागणार आहे त्याला काम दुसऱ्याकडे ढकलता येत नाही, आणि मालकाला ठाऊक असते की या वस्तूच्या मागे कोणी एक उभा आहे. ही भावना खरी आहे, म्हणूनच तिच्या मर्यादाही प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. एएमजीच्या ६.२ लिटर व्ही८ इंजिनावर बांधणाऱ्याची सही होती, तरीही सुरुवातीच्या काही वर्षांच्या इंजिनांत सिलिंडर हेड ब्लॉकला धरून ठेवणारे बोल्ट गंजून तुटण्याचा दोष पुढे आला. बांधणाऱ्याने ते बोल्ट अगदी बरोबर आवळले असतील. दोष बोल्टमध्येच होता. सही करणारा माणूस जुळणीची जबाबदारी घेऊ शकतो, आराखड्याची आणि धातूची नाही. पण दुरुस्तीचा खर्च समोर आला की मालकाच्या मनात हा भेद राहत नाही, आणि ज्याचा काही अपराध नाही त्याचे नाव त्याच्या डोळ्यांसमोर येते.

शिवाय सही एकटीच पुरत नाही. २०२२ मध्ये आलेल्या मर्सिडीज-एएमजीच्या नव्या सी६३ या गाडीत ४ लिटरच्या व्ही८ ऐवजी २ लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन आणि विजेची मोटर बसवली गेली. एकत्रित ताकद ६८० अश्वशक्ती, म्हणजे आधीच्यापेक्षा बरीच जास्त, आणि इंजिन पूर्वीसारखेच एका माणसाने बांधलेले. तरी जुन्या चाहत्यांपैकी अनेकांचे मन त्यात रमले नाही, कारण त्यांना हवा होता तो आठ सिलिंडरचा आवाज आणि त्याची लय. उलट त्याच कंपनीच्या, नावात ‘५३’ आकडा असलेल्या गाड्यांच्या सहा सिलिंडरच्या इंजिनावर सही नसते, आणि जाणकार खरेदीदार ती नसल्याचे नेमके हेरतात. या दोन्ही गोष्टी मी एकत्र ठेवून पाहतो तेव्हा मला वाटते की मालक आधी इंजिनावर प्रेम करतो आणि मग ते कोणी बांधले हे जाणून घ्यायची इच्छा त्याला होते.

म्हणून हाताने बांधलेल्या इंजिनाच्या नावाने जास्तीची किंमत घेणाऱ्या कंपन्यांकडे माझी एक मागणी आहे. जुळणीच्या वेळी नोंदवलेली सगळी माहिती त्यांच्याकडे असते: कोणत्या बेअरिंगमध्ये किती फट राहिली, कोणता बोल्ट किती अंशांत बसला, चाचणीच्या वेळी ऑइलचा दाब किती होता. ती नोंद सहीसोबत मालकाला छापून द्यावी, आणि वॉरंटीत इंजिन बदलले गेले तर नव्या इंजिनाची नोंद, नव्या बांधणाऱ्याच्या नावासह, त्याच कागदपत्रांत जोडावी. पंधरा-वीस वर्षांनी ते इंजिन ज्याच्या पुढ्यात खोलले जाईल त्या कारागिरालाही या कागदाचा फार मोठा उपयोग होईल. मला माझ्या सगळ्या कारकिर्दीत असा कागद एकदाही पाहायला मिळाला नाही.

आपला,
इंजिन जुळणीच्या कामातून निवृत्त झालेला एक वाचक