तेरावं वचन

प्रिय रूथ,

परवा तू ताटावरून उठून गेलीस. त्यावर तुझ्याशी बोलायचं नाही असं आईला कबूल केलंय, म्हणून लिहितोय.

मोठ्या काकांशी भांडलीस याचं मला वाईट वाटलेलं नाही. बायबलमधल्या, प्रेषित पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं 2:12 ते घडाघडा म्हणून दाखवत होते, स्त्रीनं शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये. तू शांतपणे म्हणालीस, ‘काका, तीनच वचनं मागे जा. केस गुंफणं, सोनं, मोती नकोत असंही तिथंच आहे.’ आत्यानं बांगड्या पदराखाली घेतल्या. हसू दाबता दाबता मला ठसका लागला.

मग त्यांनी तेरावं वचन काढलं. आदाम आधी घडला, नंतर हव्वा. पौलाला तीमथ्य होता त्या इफिसातल्या मंडळीपुरतंच बोलायचं असतं, तर तो थेट उत्पत्तीच्या पुस्तकापर्यंत कशाला गेला असता? प्रश्न वाजवी आहे. तिथं तू आवाज चढवलास आणि ‘मग मी येतच नाही तुमच्या चर्चला’ म्हणालीस. तेवढं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

रात्री पवित्र शास्त्र घेऊन बसलो. करिंथकरांस पहिलं पत्र, अकरावा अध्याय. तिथंही पौल म्हणतो की स्त्री पुरुषापासून झाली, पण लगेच पुढे जोडतो की पुरुषही स्त्रीच्या द्वारे होतो आणि सगळं देवापासून आहे. शिवाय बायका मंडळीत प्रार्थना करतात, संदेश देतात, हे तो तिथं धरूनच चालतो. वाद आहे तो डोकं झाकण्यावरून. हे तू काकांना ऐकवायला हवं होतंस.

पण येणं सोडू नकोस. हे एकदाच म्हणणार होतो.

तू संडे स्कूलला होतीस तेव्हा बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक चालू होतं. अपुल्लोस एवढा मोठा वक्ता, त्याला प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी जवळ घेऊन देवाचा मार्ग नीट समजावला. तू बाईंना विचारलंस, ‘प्रिस्किल्लाला कुणी गप्प बस म्हटलं नाही का?’ तक्रार माझ्याकडे आली. आजीला सांगितलं तर ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. आजारी माणसाच्या उशाशी प्रार्थना करायला पाळकसाहेब स्वतः तिला बोलावून न्यायचे, उपासनेत मात्र ती मागच्या बाकावर. तिच्याजवळ पंडिता रमाबाईंचं शास्त्र होतं. त्या माउलीनं हिब्रू-ग्रीकवरून सगळं शास्त्र मराठीत आणलं. 1922 मध्ये ती गेली, 1924 मध्ये ते पूर्ण छापून निघालं. तिनं केलेलं भाषांतर वाचायला चालतं, मग बाईचं प्रवचन का चालू नये? तरी आजीनं चर्च सोडलं नाही. बघ, आलोच परत तिथं.

हा वाद माझ्या हयातीत मिटणार नाही. 1994 च्या मार्चमध्ये चर्च ऑफ इंग्लंडनं पहिल्यांदा स्त्रियांना धर्मगुरुपदाची दीक्षा दिली, आणि मे महिन्यात पोप जॉन पॉल दुसरे यांनी लिहिलं की तसा अधिकार चर्चला मुळी नाहीच. दोन्हीकडे शास्त्र जाणणारी माणसं. मग एका संध्याकाळच्या रागात आपण... जाऊ दे. उपदेश नकोय तुला. माफ कर.

पंचांनी नाकारलेलं तुझं प्रवचन इथंच टेबलावर राहिलंय. मंडळीची सेविका फिबी, तिचा भाग फार चांगला उतरलाय. पौलानं रोमकरांस लिहिलेलं पत्र बहुधा तिनंच पोचवलं असं अभ्यासक मानतात, तर ते ऐकून लोकांनी शंका कुणाला विचारल्या असतील, हा तुझा प्रश्न मला कधी सुचला नसता. शेवट मात्र लांबलाय, काप. आणि ‘पुरुषी’ हा शब्द एकाच पानावर किती वेळा आलाय ते बघ.

आमच्या मंडळीत यायचं नसेल तर बाई पाळक असलेल्या एखाद्या मंडळीत जा, पण रविवारी घरी बसू नकोस. काका तुला फोन करणार आहेत. अकराव्या अध्यायाचं मी त्यांच्याकडे अवाक्षर काढलेलं नाही, ते तुझ्यासाठी ठेवलंय.

तुझे पप्पा