माणूस हरवलं की पहिल्या काही तासांत सोबत येणारी माणसं पाहिजेत

सोलापूरकर मंडळी, नमस्कार. पूर्व भागातल्या आपल्या मंडळाकडून हे आवाहन करतोय, जरा लांबलंय पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती. घरातलं कुणी हरवलं, निघून गेलं, वाट चुकलं तर त्या घरच्यांसोबत पोलीस स्टेशनला, सिव्हिलला, रेल्वे स्टेशनला, एसटी स्टँडला जायचं काम मंडळाची पोरं करतात, आणि आता ह्या कामाला माणसं कमी पडायलीत, पैसेही.

माणसं का ते आधी सांगतो. आपल्याकडं घरात तेलुगू बोलणारी, कन्नड बोलणारी, उर्दू बोलणारी किती कुटुंबं आहेत तुम्हाला माहितीय. दिवसभर विड्या वळणारी आई नाहीतर यंत्रमागावरून तसाच पळत आलेला बाप ठाणे अंमलदारासमोर उभा राहिला की आधीच जीव थाऱ्यावर नसतो, त्यात मराठीत सगळं सांगायचं, उंची किती, अंगावर काय होतं, शेवटचं कुणी बघितलं, घरात काही भांडण झालं होतं का. नेमकी कामाची गोष्ट सांगायची राहून जाते. शेजारी आपल्या भाषेतलं एक धीराचं माणूस बसलेलं असलं तर फार फरक पडतो हो. म्हणून तेलुगू-मराठी, कन्नड-मराठी, उर्दू-मराठी दोन्ही नीट बोलणारी माणसं हवीत, बायका तर हव्यातच, कारण मुलगी बेपत्ता असली की आई पुरुषांसमोर मोकळं बोलत नाही.

आता एक गैरसमज, जो अजून घराघरात आहे, की २४ तास थांबल्याशिवाय तक्रार घेत नाहीत. असा कुठलाही नियम नाही. रात्री दोन वाजता कळलं तर रात्री दोनला जा. हद्दीवरूनही थांबू नका, गुन्ह्याची माहिती कुठल्याही पोलीस स्टेशनला देता येते, त्याला झिरो एफआयआर म्हणतात आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, ते स्पष्ट लिहिलेलं आहे. पोरगं किंवा पोरगी १८ वर्षांच्या आतली असली तर नुसती मिसिंगची, म्हणजे माणूस बेपत्ता असल्याची, नोंद करून भागत नाही, अपहरणाचा गुन्हाच दाखल करायचा असतो, सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये तसं सांगितलंय. चार महिन्यांत तपास लागला नाही तर ते प्रकरण मानवी तस्करीविरोधी कक्षाकडं जातं. हे सगळं घरच्यांना कोण सांगणार? मामाच्या गावाला गेली असेल, उद्या येईल, लोक काय म्हणतील, असं करत दोन दोन दिवस घालवतात आणि तेवढ्यात गाडी हैदराबाद नाहीतर मुंबईला पोचलेली असते. अब्रूचा विचार नंतर करा, आधी चौकीला चला, आम्ही सोबत येतो.

सज्ञान माणसाची मिसिंग दाखल होते, तिचा नंबर लिहून घ्या आणि तपास कुणाकडं दिलाय त्या अंमलदाराचं नाव विचारा. जाताना अलीकडचा फोटो न्या, लग्नातला मेकअपचा नको, रोजच्या कपड्यातला साधा. अंगावरची खूण, गोंदण, चालण्यातला फरक, चालू गोळ्या, मोबाईल नंबर, कुठल्या भाषेत बोलतो, सगळं सांगा. फोन लागत असेल तर सगळ्या पाहुण्यांनी मिळून सारखा लावू नका, बॅटरी संपते. लोकेशन फक्त पोलिसांनाच कंपनीकडून मिळतं, पैसे घेऊन लोकेशन काढून देतो म्हणणारा फसवणारा आहे असंच समजा. आणि एक नाजूक गोष्ट, सज्ञान मुलगी किंवा मुलगा सापडला आणि म्हणाला की मी माझ्या मर्जीनं गेलोय, घरी यायचं नाही, तर पोलीस जबाब घेऊन मिसिंग बंद करतात, ओढून आणत नाहीत. अशा वेळी आम्हीही कुणाच्या मागं लागून पत्ता शोधून देत नाही, कुणी आग्रह धरू नये.

नंबर फोनमध्ये आत्ताच सेव्ह करून ठेवा. काहीही असलं तरी ११२. लहान मुलांसाठी १०९८. रेल्वेत किंवा स्टेशनवर काही झालं तर १३९, आरपीएफवाले, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाचे जवान, पुढच्या स्टेशनला कळवतात, आपल्या इथून सुटलेली गाडी कुर्डुवाडीला किंवा कलबुर्गीला थांबते तेवढ्यात डबा बघून होऊ शकतो. बायकांसाठी १८१, म्हाताऱ्या माणसांसाठी १४५६७, फुकट वकील हवा असला तर १५१००, तो विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर आहे. कुणी ऐकूनच घेत नसेल तर ह्या शेवटच्या नंबरचा उपयोग होतो.

सिव्हिलला तर जायचंच. अपघातात बेशुद्ध आलेला माणूस अनोळखी पेशंट म्हणून पडून असतो आणि घरचे तिकडं नातेवाईकांना फोन करत बसतात. कुठं रस्त्यावर मानसिक आजारानं भटकणारं कुणी दिसलं तर त्यांनाही कुणीतरी शोधत असतं बघा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलंय की अशा माणसाला पोलिसांनी २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं, मिसिंगचा एफआयआर करायचा आणि घरच्यांना शोधायचं. दिसलं की ११२ लावा, चहा-बिस्कीट द्या, गाडी येईपर्यंत थांबा, एवढंच करायचंय. तसंच एखादं लहान पोरगं सापडलं तर दया म्हणून घरी ठेवून घेऊ नका, २४ तासांत बाल कल्याण समितीसमोर न्यावं लागतं. त्याचा फोटोही ग्रुपवर टाकू नका, कायद्यानं बंदी आहे आणि खोटे आईबाप यायला वेळ लागत नाही.

हरवलेल्यांचे मेसेज मात्र जबाबदारीनं पुढं पाठवा. तारीख, पोलीस स्टेशन, मिसिंग नंबर नसलेला मेसेज पाठवू नका, सापडल्यावर तसं कळवा. पोरं पळवणारी टोळी आलीय असल्या मेसेजनं काय होतं ते आपल्या जिल्ह्यानं भोगलंय. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला भिक्षा मागायला गेलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं मारून टाकलं, त्यातले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले. पोटासाठी परगावी गेलेली गरीब माणसं होती ती. अजूनही असला मेसेज बघितला की अंगावर काटा येतो. संशय आला तर ११२, अंगाला हात लावायचा नाही. आणि पोस्टरवर नंबर छापला की तुमचा माणूस आमच्याकडं आहे, आधी पैसे टाका, असे फोन येतात, ते आले की एक रुपयाही न देता पोलिसांना सांगा.

दुकानदार मंडळींना वेगळी विनंती. अशोक चौक, कन्ना चौक, नवी पेठ, स्टँडचा परिसर, इथं तुमच्या कॅमेऱ्यात बरंच काही दिसतं. पण हार्डडिस्क लहान असली की जुनं फुटेज पुसून जातं. आम्ही फुटेज मागत नाही, ते पोलिसांनाच द्या, आम्ही येऊन फक्त वेळ सांगू, तेवढा भाग पेन ड्राईव्हवर काढून बाजूला ठेवा.

आता पैशांचं. तीन भाषेतली पोस्टरं छापायला, मोटरसायकलच्या पेट्रोलला, परगावी सापडलेल्या माणसाला आणायला जाणाऱ्या घरच्यांच्या तिकिटाला, ह्यासाठी पैसे लागतात. आणि एक नवीन काम धरलंय, सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला आणि आषाढीला जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना लॅमिनेशन केलेलं कार्ड द्यायचं, त्यावर दोन मोबाईल नंबर, गाव आणि आजार असला तर तो. वारीत चुकलेली म्हातारी माणसं भलत्याच गाडीत बसतात, गावाचं नाव सांगतात पण तालुका सांगता येत नाही, मोबाईल नंबर तर पाठ नसतोच. लेकराच्या कार्डावर नाव बाहेरून दिसेल असं लिहायचं नाही, नंबर पुरे. लॅमिनेशन मशीन कुणाकडं पडून असेल तर तेच द्या, छपाईवाले कुणी असतील तर कागदाच्या भावात करून द्या.

दहा रुपये दिले तरी पावती मिळणार, हिशोबाची वही मंडळाच्या ऑफिसात टेबलावरच असते, कुणीही उघडून बघावी. शोधलेल्या माणसाच्या घरच्यांकडून आपण काही घेत नाही, तेही कुणी देऊ नये. सोबत यायला तयार असलेल्यांनी रविवारी संध्याकाळी सहाला ऑफिसात या, येताना आधारची झेरॉक्स आणा कारण पोलीस स्टेशनला आपल्या पोरांची यादी देऊन ठेवायचीय, आणि कुठली भाषा येते आणि रात्री यायला जमेल का एवढं कागदावर लिहून आणा.