काका, काकू राहिल्या!

मा. संपादक, स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला तो हेल्मेटमधल्या ब्लूटूथवरचा लेख वाचला. दोनदा वाचला, एकदा चहाबरोबर आणि दुसऱ्यांदा आमच्या ह्यांनी मोठ्याने वाचून दाखवला म्हणून. वर "बघ, आता पेपरात पण आलंय" हे आहेच. म्हणून हे पत्र, नाहीतर मला पेपरला पत्रं लिहायची हौस नाही. (गेल्या वर्षी फुटपाथवरनं जाणाऱ्या गाड्यांबद्दल एक लिहिलं होतं, ते तुम्ही अर्धं कापून छापलंत आणि नेमकं जे कापायचं नव्हतं तेच कापलंत. असो.)

लेखक महाशय लडाखला जाऊन आलेत, अभिनंदन. तिथे दहा गाड्या एकामागे एक, पुढचा मागच्यांना कानात सांगतो की वळणावर ट्रक आहे, रस्त्यात दगड आलेत, हे मला पटलं, चांगलंच आहे की. पण त्याच दमात ते पुण्यातल्या रोजच्या ऑफिसच्या प्रवासालाही तेच लागू करून "हात मोकळे आणि लक्ष रस्त्यावर" असं लिहून मोकळे झालेत. अहो, लडाखला समोरनं राँग साइडने डिलिव्हरीवाला येत नाही. आणि मागे बायको बसलेली नसते.

हात मोकळे म्हणे. आता माझं ऐका.

ह्यांच्या पासष्टीला मुलाने बेंगळुरूहून ते हेल्मेटचं ब्लूटूथ पाठवलं. एक चपटी डबी बाहेरनं चिकटवायची, दोन गोल स्पीकर आत कानापाशी आणि माइकची दांडी तोंडासमोर. स्पीकर कानाला टोचतात म्हणून ह्यांनी काय करावं, तर हेल्मेटचं अस्तर बाजूला करून आतलं थर्माकोल माझ्या भाजीच्या सुरीने कोरलं. सगळ्या ओट्यावर पांढरा भुगा. म्हणजे डोकं आपटलं तर मार ज्याच्यावर झेलायचा तेच कोरून टाकलं आणि बाहेर आयएसआयचा शिक्का तसाच आहे म्हणून समाधान! आणि हेच गृहस्थ बरं का, 2019 च्या जानेवारीत हेल्मेटसक्ती आली तेव्हा "हेल्मेटमध्ये मागचा हॉर्न ऐकू येत नाही, उलट ॲक्सिडेंट होतील" म्हणून सकाळी टेकडीवर तावातावाने भांडायचे. तेव्हा हॉर्न ऐकू येणं फार महत्त्वाचं होतं. आता त्याच हेल्मेटात नाट्यसंगीत चालू असतं.

तर गेल्या महिन्यात धायरीला माझ्या धाकट्या बहिणीच्या नातवाची मुंज होती, मुहूर्त 10 वाजून 47 मिनिटांचा. आम्ही डहाणूकर कॉलनीतनं साडेनऊलाच निघालो. ह्यांच्या नव्या झब्ब्याला खिसा नाही म्हणून ह्यांचा फोन माझ्या पर्समध्ये, माझाही तिथेच. कर्वेनगरच्या अलीकडे पंपावर थांबलो. आमच्या जुन्या ॲक्टिव्हाचं पेट्रोलचं झाकण सीटखाली आहे त्यामुळे दोघांनाही उतरावं लागतं. पेट्रोल भरत असतानाच आमच्या सोसायटीच्या खजिनदारांचा फोन आला (हे सेक्रेटरी आहेत, त्याबद्दल एक वेगळं पत्र होईल) आणि ह्यांनी हेल्मेटला टिचकी मारून तो घेतला. विषय टँकर. पैसे मी दिले, सुट्टे मोजून पर्समध्ये टाकत होते, तेवढ्यात हे गाडीवर बसले, बटण दाबलं आणि गेले.

गेले म्हणजे गेलेच.

मी हाक मारली. पंपावरचा मुलगा ओरडला, "काका, काकू राहिल्या!" मागच्या रांगेतल्या दोघांनी हॉर्न मारले. एक तर गाडी सोडून चार पावलं पळाला बिचारा. पण ह्यांच्या कानात "टँकरचे जास्तीचे पैसे कोणत्या खात्यातून द्यायचे" चाललेलं, तिथे माझी काय कथा. माझं वजन 68 किलो आहे, लिहायला लाज वाटत नाही, पण गाडीवरनं 68 किलो कमी झाले हे ह्या माणसाला कळलं नाही!

आणि मग पर्समधून आवाज यायला लागला. "हॅलो, हॅलो, साहेब, ऐकताय ना?" मला आधी कळेचना कोण बोलतंय. मुलाने नंतर समजावून सांगितलं, "आई, ब्लूटूथची रेंज साधारण 10 मीटर, त्याच्या पलीकडे गेलं की जोड तुटते आणि चालू कॉल परत फोनवर येतो." तर खजिनदार आता माझ्याशी टँकरबद्दल बोलत होते. मी सांगितलं की हे नाहीयेत, हे गेले. ते म्हणाले, "गेले म्हणजे?" मी म्हटलं, मुंजीला.

तिकडे ह्यांचं काय चाललं होतं ते रात्री त्यांच्याच तोंडून ऐकलं. ह्यांना वाटलं रेंज गेली. म्हणून राजाराम पुलापर्यंत उजव्या हातात ॲक्सिलरेटर आणि डावा हात सारखा हेल्मेटवर, ती डबी दाबतायत, सोडतायत, परत दाबतायत, मोठमोठ्याने हॅलो हॅलो करतायत. हे तुमच्या लेखकांचे मोकळे हात. डावा ब्रेक कोणी दाबायचा, खजिनदारांनी? पंपाबाहेर लोक ओरडले ते ह्यांना अगदीच कळलं नाही असंही नाही, ह्यांना वाटलं साइड स्टँड राहिलाय. म्हणून पायाने चाचपून बघितलं, स्टँड वरच होता, मग निश्चिंत झाले. पूल ओलांडल्यावर मला विचारलं म्हणे, "आहेराचं पाकीट घेतलंयस ना?" उत्तर आलं नाही. ह्यांना वाटलं मी रागावलेय. चाळीस वर्षांच्या सवयीने माणूस अशा वेळी गप्प बसतो, तसे हे धायरीपर्यंत गप्प बसून गेले. हॉलच्या दारात गाडी लावून "उतर" म्हणाले तेव्हा कळलं.

मी पंधरा मिनिटं पंपावर उभी, नारायणपेठ नेसून, हातात आहेर, दोन्ही फोन माझ्याकडे, त्यामुळे नवऱ्याला फोन करायची काही सोय नाही. पंपावरच्या मुलाने खुर्ची दिली, पाणी विचारलं. शेवटी रिक्षा केली. रिक्षावाल्याच्या गळ्यात पण ती पट्टी आणि कानात बोंडं, गावाकडच्या जमिनीचा कसला तरी वाद पार सिंहगड रोडपर्यंत चालला होता. मी "डावीकडे घ्या" म्हटलं की तो पलीकडच्या माणसाला "मग त्याला सांग ना" म्हणायचा. एक वळण चुकलंच. तेवढ्यात बहिणीचा फोन, "अगं भावोजी आले होते, तू नाहीस म्हणाले आणि परत तुला आणायला गेले." म्हणजे बहुतेक पुलावरच आम्ही एकमेकांना क्रॉस केलं, मी रिक्षात आणि हे ॲक्टिव्हावर. मी पोचले तेव्हा मंगलाष्टकं संपली होती आणि बटू आजी-मावशी कुठेय विचारत होता. हे तर थेट जेवायलाच.

मुलगा म्हणतो ह्या ब्लूटूथला नाव दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या कुठल्याशा राजावरनं दिलंय, हॅराल्ड ब्लूटूथ, वेगवेगळ्या टोळ्या एकत्र जोडल्या म्हणे त्याने. आमची तर फारकतच करायला निघाला होता.

आता ह्यांचं म्हणणं, जे तुमच्या लेखातही वेगळ्या शब्दांत आहे, की "मागे बसून तू अख्खा रस्ता बोलत असतेस, ते ऐकत गाडी चालवतोच ना, मग फोनवर बोललं तर काय झालं?" ह्याचं उत्तर मला त्या दिवशी सुचलं नाही, नंतर भाजी निवडताना सुचलं, ते इथे लिहिते. मी बोलते हे खरं आहे. पण मलाही समोरचा रस्ता दिसत असतो. पीएमटीची बस अंगावर आली की मी वाक्य अर्धवट सोडते, "अहो, अहो, खड्डा" करते, नळ स्टॉपच्या चौकात तर मी श्वास सुद्धा जपून घेते. खजिनदारांना काय दिसतंय? ते घरी सोफ्यावर बसून, नेमके चौकातच विचारणार, "मग तुमचं मत काय?" आणि ह्यांना मत असतंच.

माझा एक भाचा वकील आहे, त्याला विचारलं हे कायद्यात बसतं का. तर म्हणाला, "मावशी, मोटार वाहन कायद्याच्या 184 कलमात 2019 च्या दुरुस्तीने जे आलंय ते हातात धरायच्या फोनबद्दल आहे, पहिल्याच वेळी 1000 ते 5000 दंड, तुरुंगवास पण होऊ शकतो. पण हेल्मेटातलं ब्लूटूथ हातात कुठे धरलंय, तिथे माझ्यासारखा वाद घालणार." म्हणजे ज्याने फोन खांद्यात दाबून मान वाकडी केलीय तो निदान पोलिसाला दिसतो तरी. हेल्मेटच्या आत कोण भजन ऐकतोय आणि कोण मीटिंग करतोय हे चौकातल्या हवालदाराने कसं ओळखायचं? आमच्याकडच्या मुलींच्या स्कार्फच्या आत काय काय असतं ते तर देवालाच माहीत. मग भाच्याने मलाच विचारलं, "मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं बरं का, तू घातलं होतंस?" नव्हतं. अंबाड्यावर गजरा होता. हे मी प्रामाणिकपणे लिहितेय, कृपया एवढंच ठेवून बाकीचं कापू नये.

माझं म्हणणं सगळं बंद करा असं नाही. ती मॅपवाली बाई "दोनशे मीटरवर उजवीकडे" सांगते ती चालेल, थोडकं बोलते आणि उत्तर मागत नाही. गाणी म्हणाल तर माझंच दोन दिवस एक आणि दोन दिवस दुसरं मत असतं, एका कानात आणि हळू असेल तर बघू. पण फोन आला तर गाडी बाजूला घेऊन बोला ना. अगदी पूर्वी लूनावर होते तेव्हा माझ्याकडे फोनच नव्हता आणि माझं काही अडलं नाही, असं मी म्हटलं की मुलगा हसतो, हसू दे.

लेखक महाशयांनी पुढचा लेख लिहायच्या आधी एखादा दिवस कुणाच्या तरी मागे बसून कोथरूड ते स्वारगेट जाऊन यावं. पुढच्याने कॉलवर असावं.

ह्यांनी प्रायश्चित्त म्हणून काय केलं असेल? दुसरा सेट मागवलाय. माझ्या हेल्मेटसाठी. म्हणजे इंटरकॉमवर आम्ही दोघं एकमेकांशी बोलू शकू आणि मी मागे आहे की नाही ते ह्यांना कळेल. परवा लावून बघितला. माझं थर्माकोल मी कोरू दिलेलं नाही. आवाज स्वच्छ येतो. टँकर आता मंगळवारी आणि शुक्रवारी येणार आहे.

आपली,
एक वाचक, डहाणूकर कॉलनी, कोथरूड

ता.क. : नाव छापू नये, खजिनदारांकडेही तुमचाच पेपर येतो. आणि एक, तो लेख कापून फ्रीजवर लावावा म्हणून कात्रण काढलं तर मागच्या बाजूला शब्दकोडं होतं, ते निम्मं गेलं. सोडवायच्या गोष्टी आणि कापायच्या गोष्टी एकाच कागदाच्या दोन बाजूंना छापू नका असं मी आधीच्या पत्रातही लिहिलं होतं. तेच कापलंत.