मोहऱ्यांच्या चित्रांविषयी

ती. आई आणि ती. बाबा यांना सा. न. वि. वि.

रात्री उशिरापर्यंत संगणकासमोर बसून मी नेमके काय करते, हा आईचा प्रश्न, आणि त्याचे काही मिळते का, हा बाबांचा. दुसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असे एका शब्दात देता येते, पण ते तसे दिले की पहिल्याचे उत्तर ऐकायला कोणी थांबत नाही. म्हणून फोनवर विषय टाळला आणि आता सविस्तर लिहिते आहे.

इंटरनेटवर बुद्धिबळ खेळण्यासाठी लीचेस नावाची जागा आहे. तिबो दुप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने ती २०१० मध्ये सुरू केली आणि आता फ्रान्समध्ये नोंदवलेली, नफ्यासाठी नसलेली एक संस्था ती चालवते. तिथे जाहिराती नाहीत आणि वर्गणीही नाही. ज्याला वाटेल तो देणगी देतो. देणाऱ्याच्या नावापुढे पंखांचे एक लहानसे चिन्ह येते, बाकी सगळ्या सोयी देणाऱ्याला आणि न देणाऱ्याला सारख्याच. ज्या प्रोग्रामवर हे सगळे चालते तोही कोणीही वाचावा आणि सुधारावा असा खुला ठेवलेला आहे. बाबा, सांगलीकराला यात नवल वाटू नये. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळासाठी आयुष्य वेचले ते मिळकतीचा हिशेब मांडून नव्हे, हे तुम्हीच मला कितीदा सांगितले आहे.

तुम्हांला वाटत असेल की मी तिथे दिवसरात्र खेळते. खेळते, पण माझा खेळ चारचौघांत सांगण्यासारखा नाही, आणि तुमच्याशी हरणारी मी तिथेही हरतेच. माझे खरे काम मोहऱ्यांच्या चित्रांचे आहे. पडद्यावरच्या पटावर लाकडी मोहरे नसतात, त्यांची चित्रे असतात, आणि प्रत्येक खेळाडू आपल्या आवडीचा संच निवडू शकतो. असे संच बहुतेक करून हौशी लोकांनीच काढलेले आहेत. एका संचात बारा चित्रे असतात : राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा आणि प्यादे, सहा पांढरी आणि सहा काळी. बारा चित्रे म्हणजे चार संध्याकाळींचे काम, अशा समजुतीने मी हात घातला होता. त्यानंतर पावसाळा गेला, दिवाळी गेली, आणि घोडा अजून पुरता जमलेला नाही.

आई, हे चित्र कागदावर रंगवून फोटो काढायचा, असे नसते. तू ठिपक्यांची रांगोळी काढतेस तसेच जवळपास हे आहे. आधी बिंदू ठरतात, मग त्यांना जोडणाऱ्या रेषा आणि त्या रेषांचा बाक. संगणक चित्र साठवत नाही, बिंदू आणि बाक साठवतो, त्यामुळे तेच चित्र भिंतीएवढे केले तरी फाटत नाही आणि नखाएवढे केले तरी पुसट होत नाही. अडचण निघते ती नखाएवढे करतानाच. साध्या फोनचा पडदा सात सेंटिमीटर रुंद धरला तर पटाच्या एका घराला पावणेनऊ मिलिमीटर येतात, आणि त्यात घोड्याची आयाळ, नाकपुडी आणि डोळा एवढे सगळे मावत नाही. आयाळीचे केस मी एकेक करून काढून टाकले. आता तीन खाचा उरल्या आहेत, आणि मला वाटते की त्यांपैकीही एक जायला हवी.

सर्वांत जास्त छळले ते उंटाने. घोडा अवघड असतो, पण तो दुसऱ्या कशासारखा दिसत नाही. उंटाचे डोके गोल ठेवले की तो लहान आकारात प्याद्यासारखा दिसतो, टोकदार केला की वजिराच्या मुकुटाचा तुकडा वाटतो. सर्वमान्य लाकडी मोहऱ्यांत उंटाच्या डोक्याला एक तिरपी चीर असते, तीच त्याची ओळख. पण चीर बारीक ठेवली तर फोनवर दिसत नाही, आणि रुंद केली तर डोके फुटल्यासारखे वाटते. पांढऱ्या उंटाला जी जाडी चालते ती काळ्याला चालत नाही, कारण काळ्या आकारातली पांढरी रेष डोळ्यांना जास्त जाड भासते. म्हणजे काळा संच हा पांढऱ्याची नुसती उलट प्रत नसतो, तो जवळजवळ पुन्हा काढावा लागतो. हे मला कोणत्याही चित्रकलेच्या वर्गात कळले नसते.

चित्रे तयार झाली की ती एखाद्या खऱ्या डावावर मांडून तिथल्या लोकांना दाखवायची, अशी रीत आहे. मी त्यासाठी बाबांना तोंडपाठ असलेला डाव निवडला : १८५१ साली लंडनमध्ये अँडरसनने किझेरिट्स्कीविरुद्ध जिंकलेला, ज्यात त्याने एक उंट, दोन्ही हत्ती आणि शेवटी वजीरही देऊन टाकला. त्याची शेवटची स्थिती डोळ्यांची परीक्षा घेणारी आहे. काळ्याची फक्त तीन प्यादी गेलेली आहेत, त्यामुळे पट काळ्या मोहऱ्यांनी भरलेला. काळा राजा आणि काळा वजीर दोघेही काळ्या घरांत, आणि मात देणारा पांढरा उंटही काळ्या घरात शिरलेला. त्याच्या मदतीला दोन पांढरे घोडे, एक पांढऱ्या घरात आणि एक काळ्या घरात. पांढऱ्या घरातल्या घोड्याची कड पातळ असेल तर तो घरातच विरून जातो. माझा विरला. पाहणाऱ्यांपैकी एकाने एवढेच लिहिले की मात कोणी दिली हे शोधावे लागले. घोडा देखणा आहे असे तीन जणांनी म्हटले होते, पण मला उपयोग झाला तो या एका वाक्याचा.

मध्यंतरी माझ्या डोक्यात आले की कोपऱ्यातल्या मोहऱ्याला बुरुजाऐवजी सरळ हत्तीचेच रूप द्यावे आणि उंटाला उंटाचे. गणपतीच्या देवळातला हत्ती पाहत वाढलेल्या मुलीने विलायती बुरूज का काढावा, असा थोडा अभिमानही त्यात होता. रेखाटने झाली, मलाही आवडली. मग लक्षात आणून देण्यात आले की रशियन खेळाडूच्या मनातला हत्ती तिरका चालतो, कारण त्यांच्याकडे आपल्या उंटाची जागा हत्तीची आहे, आणि बंगाली खेळाडूच्या कोपऱ्यात नाव असते. म्हणजे जो आकार पाहून मला क्षणात सरळ रेघ आठवते, तोच पाहून समोरच्याला कर्ण आठवणार, आणि तीन मिनिटांच्या डावात असा गोंधळ परवडत नाही. १८४९ मध्ये लंडनमध्ये नोंदवलेला आणि हॉवर्ड स्टाँटन या खेळाडूच्या नावाने ओळखला जाणारा संच जगभर टिकला, त्याचे एक कारण हेच असावे की तो आकार आता कोणाचाच राहिलेला नाही आणि म्हणून सगळ्यांचा झाला आहे. मी बुरुजाकडे परतले. हत्ती-उंटांचा संच वेगळा, हौसेपुरता ठेवला आहे. तो मोठ्या पडद्यावर निवांत खेळणाऱ्यांना चालेल.

आई, मी अनोळखी लोकांशी बोलते याची तुला काळजी वाटते. तिथे मला कोणी नावाने ओळखत नाही, मी कुठे राहते हे ठाऊक नाही आणि कोणी विचारलेही नाही. बोलणे होते ते रेषेच्या जाडीवर. काही जण फटकळ आहेत, पण चित्राविषयी फटकळ असणे हे तुझ्या मावसबहिणींच्या गोड बोलण्यापेक्षा मला सोसवते. शिवाय आपली कला किती पोचते याचे भानही तिथेच आले : दृष्टिहीन खेळाडूंसाठी लीचेसवर पटाऐवजी शब्दांतून चाली ऐकण्याची आणि लिहून खेळण्याची सोय आहे, आणि त्यांच्यातले कित्येक माझ्यासारखीला सहज हरवतील. त्यांच्या खेळाला माझ्या आयाळीच्या खाचांनी काही फरक पडत नाही.

आता पैशांचे. विकिपीडियावर बुद्धिबळाच्या लेखांत जे मोहरे दिसतात, तेच लीचेसवर सुरुवातीला समोर येतात. कॉलिन बर्नेट यांनी ते काढले आणि इतरांनी वापरायची परवानगी आधीच देऊन ठेवली. प्रत्येकाने त्यांना पत्र लिहून परवानगी आणायची असती तर ते इतके पसरलेच नसते. माझा संच मी तसाच मोकळा ठेवणार आहे, फक्त नावाचा उल्लेख करावा एवढ्या अटीवर. व्यापारी वापराला मनाई करणारी अटही घालता येते आणि काही जण घालतातही, पण मी ती घालणार नाही. एखाद्या शिकवणीवाल्या सरांनी फी घेऊन मुलांसाठी पुस्तिका छापली तर त्यांनी मला शोधत फिरावे असे मला वाटत नाही. संच लीचेसवर घेतला जाईलच असेही नाही. नोकरीचा पगार पोटाला पुरतो, आणि ज्या कामात गिऱ्हाइकाची मर्जी सांभाळावी लागत नाही असे एक काम माझ्याकडे असावे, एवढीच माझी इच्छा आहे. यावर बाबा काय म्हणतील ते मला ठाऊक आहे, तरी लिहिले.

सोबत दोन कागद पाठवते आहे. दोन्हींवर अँडरसनच्या त्याच डावाची शेवटची स्थिती फोनवर दिसते त्या मापात छापली आहे. एकावर उंटाची चीर बारीक आहे, दुसऱ्यावर रुंद. बाबा, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर फोनवर उंट आणि प्यादे यांत तुमची गल्लत होते असे तुम्ही म्हणाला होतात, म्हणून हे काम तुमच्याकडेच देते आहे. दोन्ही कागद हातभर अंतरावर धरा, एकदा चष्म्यासह आणि एकदा चष्म्याशिवाय, आणि ज्या घरापाशी क्षणभरही अडलात तिथे पेन्सिलीने खूण करा. डाव पाठ असल्यामुळे तुम्ही आठवणीने ओळखाल, हा धोका आहेच, तेव्हा कागद उलटा धरून पाहिलात तर जास्त बरे. आई, तुला खेळ येत नाही म्हणून तुझ्याकडे वेगळे काम : दोन्ही कागदांवर एकसारखी दिसणारी चित्रे मोज आणि आकडा कागदाच्या मागे लिही. फोटो काढून पाठवलात तरी चालेल, फक्त दिव्याची तिरीप कागदावर पडू देऊ नका.

तुमची,
लेक